धान्याची धुरी आणि माणसाची जनुके

घरात धान्य साठविण्याची रीत जितकी जुनी, तितकीच सोंड्यांची तक्रारही जुनी आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर एक सोपा उपाय घरोघर पोचला. इथिलीन डायब्रोमाइड, म्हणजेच ई.डी.बी., या द्रवाची काचेची कुपी कोठीतील धान्यात फोडावयाची व झाकण घट्ट लिंपावयाचे, की वाफेने कीड मरत असे. कोठी मात्र पुष्कळदा माजघरातच असे.

या औषधाने माणसाच्या आनुवंशिक द्रव्यास इजा होते काय, हा प्रश्न पुढे उभा राहिला. पेशीतील जनुके डी.एन.ए. या द्रव्याची बनलेली असतात. त्यांस इजा पोचविण्यास येथे शरीराचाच हातभार लागतो, हे नवल होय. विषाचा निचरा करण्यासाठी यकृत ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य ई.डी.बी.ला जोडते, त्या जोडणीतून अधिक क्रियाशील पदार्थ निपजतो आणि तो डी.एन.ए.ला चिकटतो. प्रयोगांत या औषधाने जिवाणूंमध्ये उत्परिवर्तने घडली व उंदरांना कर्करोग झाला.

माणसांविषयीचा पुरावा इतका सरळ नाही. हवाई बेटांवर पपईला याच औषधाची धुरी देत असत. तेथील ४६ पुरुष कामगारांच्या तपासणीचा वृत्तांत १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या व हालचाल कमी भरली होती. उलट, पपई कामगारांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रे तपासली असता त्यांत मोडतोड वाढल्याचे आढळले नाही. शरीरपेशीतील बिघाड त्या व्यक्तीबरोबरच संपतो. तो मुलाबाळांत उतरावयाचा तर बीजपेशीतच व्हावा लागतो. ई.डी.बी.मुळे माणसांत अशी वंशगत हानी झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि तशा पुराव्याची वाट पाहणे म्हणजे घरच्या माणसांवरच प्रयोग करणे झाले असते. अमेरिकेने १९८४ साली धान्यासाठी त्याचा वापर थांबविला. भारतात २००१ साली त्यावर बंदी आली.

आता काही घरांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी कोठीत टाकली जाते. ही अदलाबदल फारच धोक्याची आहे. तिच्यातून निघणारा फॉस्फीन वायू जवळ निजलेल्या माणसांचा एका रात्रीत जीव घेऊ शकतो. राहत्या घरात ती गोळी मुळीच वापरू नये. धान्य दाताखाली कडक वाजेपर्यंत उन्हात वाळवावे व निवल्यावर कोरड्या कोठीत भरावे. जुन्या कोठीच्या फटींत गेल्या हंगामातील कीड दडून राहते. तेव्हा नवे धान्य भरण्यापूर्वी त्या फटी झाडून घेऊन बुजवाव्या.