आळस नव्हे, हा आजार!

मुलांनो, थकवा कुणाला येत नाही? चैत्रात आमच्या हिंजवडीत म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघतं. दिवसभर उन्हातान्हात हिंडून पोरं रात्री अशी आडवी होतात, की कुणी उचलून नेलं तरी कळू नये! पण सकाळ झाली की तीच पोरं बॅट घेऊन मैदानावर हजर. हा झाला साधा थकवा. पोटभर जेवलं, झोप झाली, की तो पळतो.

एक थकवा मात्र झोपेला दाद देत नाही. दहा-बारा तास झोपूनही अंग शिणलेलं, डोकं जड, वाचलेलं ध्यानात राहत नाही, उभं राहिलं की गरगरतं. आणि हे चालतं महिनोन्‌महिने. याला म्हणतात क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याचा विकार. वरून बघावं तर ना ताप, ना पुरळ, ना हाताला प्लास्टर. मग शेरा ठरलेला: "आळशी आहे! शाळा बुडवायला निमित्त हवं!"

असा शेरा मोठमोठ्यांनाही मिळालाय, बरं का. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात एक गूढ साथ आली. सुमारे तीनशे जण आजारी पडले आणि गंमत म्हणजे, त्यांतले जवळजवळ सगळे तिथलेच डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी होते! हॉस्पिटल काही काळ बंद ठेवावं लागलं. कित्येकांची शक्ती लवकर परतली नाही. पुढे १९७० मध्ये दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी वाचून सांगितलं, की हा सगळा मनाचा खेळ होता. रोग्यांना काय वाटलं असेल? २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हजारो शोधनिबंध तपासून निर्वाळा दिला, की हा शरीराचाच गंभीर आजार आहे.

तो नेमका कशाने होतो, हे कोडं अजून सुटलेलं नाही. पण पुष्कळदा आधी एखाद्या विषाणूची बाधा झालेली असते. हिंजवडीहून पुण्याकडे जाताना वाटेत पाषाण लागतं. तिथे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. १९५२ साली पुण्यात सुरू झालेल्या याच संस्थेने मार्च २०२० मध्ये करोनाचा विषाणू वेगळा केला. त्याच महिन्यात, ९ तारखेला, राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यातच सापडले होते. पुढे अनेकांच्या अंगातून करोना गेला, पण थकवा मुक्कामाला राहिला. त्यांतल्या काहींना जडलेला आजार हाच!

तो ओळखण्याची मोठी खूण कोणती? श्रमाचा दंड उशिरा भरावा लागतो. आज मूल अर्धा तास खेळलं, हसलं, बागडलं. आईला वाटलं, चला, बरं झालं! आणि उद्या-परवा ते अंथरुणातून उठेना. कधी नुसत्या अभ्यासानेही असं होतं. म्हणूनच "जरा बाहेर खेळ, तरतरी येईल" हा सल्ला इथे उलटा पडतो. ब्रिटनमध्ये पूर्वी अशा रोग्यांना ठरवून रोज व्यायाम वाढवायला सांगत. २०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ते बंद झालं.

मग करायचं काय? आमच्या सोसायट्यांमधल्या मुलांना टँकरचं पाणी पुरवून वापरायला शिकवावं लागत नाही. टाकी रात्रीतून पावच भरत असेल, तर सकाळीच सगळी उपसायची नाही. शक्तीचंही तसंच. आंघोळ केली की पडायचं. अभ्यास दहा-पंधरा मिनिटं, मग डोळे मिटून विश्रांती, आणि तीही दमायच्या आधी! चांगल्या दिवशी तर जास्तच जपायचं, कारण घात त्याच दिवशी होतो. आज काय केलं आणि उद्या कसं वाटलं, हे वहीत लिहून ठेवलं की आपली मर्यादा कळू लागते.

हमखास बरं करणारं औषध आजतरी नाही. पण मोठ्यांपेक्षा मुलं सुधारण्याची शक्यता अधिक असते. काहींना महिने लागतात, काहींना वर्षं.

आईबाबांनो, मूल थकलं की लगेच हेच नाव घेऊ नका हं. आपल्याकडे रक्त कमी असणं कितीतरी जास्त आढळतं. थायरॉईड, क्षयरोग, मधुमेह, बी-१२ ची कमतरता, रात्री उशिरापर्यंत मोबाईल, हे सगळं डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. या आजाराची अशी एकच एक रक्ततपासणी नाही. इतर कारणं वगळत, लक्षणं नीट ऐकूनच डॉक्टर निदान करतात. गंडेदोरे आणि महागड्या टॉनिकांत पैसे घालवू नका.

शाळेत येऊन वर्गशिक्षकांशी बोला. अर्धा दिवस शाळा, कवायतीतून सूट, वर्ग तळमजल्यावर, परीक्षेत मधे विश्रांती, एवढं कुठल्याही शाळेला जमतं. आणि मुलांनो, तुमचा असा मित्र आठवडाभर दिसला नाही, तर गणिताची वही घेऊन त्याच्या घरी जा. पण दहा मिनिटंच बसा, आणि निघताना पुन्हा कधी येऊ ते त्यालाच विचारा.