कार्डाचं कुलूप आणि भोंगा बसवताना काय पाहावं?

पूर्वी गटाचा सगळा कारभार एका पेटीत मावायचा. पेटीला कुलूप, किल्ली अध्यक्षताईंच्या कमरेला, विषय संपला. आता ग्रामसंघांची गोदामं झाली, प्रभागसंघांची मसाला केंद्रं झाली. हळदीची पोती, दळणाची यंत्रं, पॅकिंगचा माल, हप्त्याची रोकड असं सगळं एका छपराखाली असतं. पाच-सहा जणींना वेगवेगळ्या वेळी आत जावं लागतं. किल्ल्या वाढतात, एखादी हरवते, आणि काल संध्याकाळी शेवटी कोण बाहेर पडलं हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून हल्ली आमच्याकडे विचारणा होते की कार्ड लावल्यावर उघडणारं दार आणि चोर आल्यावर मोबाईलवर निरोप देणारा भोंगा बसवावा का.

बसवावा. मात्र दुकानदार किंमत आणि हप्ता सांगतो, धोका कुठे आहे ते सांगत नाही. तो आज आपण समजून घेऊ. तारा जोडायचं काम परवानाधारक वायरमन आणि जाणकार फिटरचंच. पण काम बरोबर झालं की नाही, हे विचारायचा आणि तपासायचा हक्क आपला आहे, कारण पैसा गटाचा आहे आणि त्या दाराआड काम करणाऱ्या बायका आपल्या आहेत.

आधी यात काय काय असतं ते पाहू. दाराबाहेर कार्ड टेकवायची एक छोटी डबी असते, तिला रीडर म्हणतात. दारावर विजेचं कुलूप असतं. दार उघडं की बंद हे सांगणारा चुंबकाचा छोटा स्विच चौकटीवर असतो. आतून बाहेर पडण्यासाठी एक बटण असतं. भिंतीवर भोंगा असतो. आणि या सगळ्यांच्या तारा जिथे येऊन मिळतात तो एक खोका असतो, तो म्हणजे कंट्रोलर. कोणाचं कार्ड चालेल, कोणत्या वेळी चालेल, भोंगा केव्हा वाजेल, हे तो ठरवतो. त्याला इंटरनेट जोडलेलं असतं, म्हणून मोबाईलवर निरोप येतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चोराला बाहेर ठेवणारं दार आपल्या बाईला आत कोंडणारं नसावं. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल नावाच्या कपडे शिवायच्या कारखान्याला आग लागली. माल चोरीला जाऊ नये म्हणून बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद ठेवलेलं होतं. १४६ माणसं गेली, त्यात बहुतेक तरुण मुली होत्या. शंभर वर्षं उलटून गेली, पण चोरीच्या भीतीनं दार बंद ठेवायची सवय अजून गेलेली नाही. आपल्या केंद्रात तेल असतं, गॅस असतो, प्लास्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे असतात. म्हणून कुलूप निवडतानाच फिटरला पहिला प्रश्न हा विचारा: वीज गेली तर हे कुलूप उघडतं की बंदच राहतं?

दोन्ही प्रकार बाजारात मिळतात. चुंबकाचं कुलूप वीज असेपर्यंतच दार धरून ठेवतं. वीज तुटली की सुटतं. दुसऱ्या प्रकारचं कुलूप वीज गेली तरी बाहेरून बंदच राहतं. हा दुसरा प्रकार घ्यायचा असेल तर आतून साध्या मुठीनं, किल्लीशिवाय आणि कार्डाशिवाय, दार उघडलंच पाहिजे. चुंबकाचं कुलूप घेतलं तर आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर, काच दाबून वापरायची हिरवी आपत्कालीन डबी बसवून घ्या. तिची तार कुलपाची वीज थेट तोडणारी हवी. काही जण ती नुसती कंट्रोलरला जोडतात. मग कंट्रोलर बिघडला की डबीही निकामी. आगीची सूचना देणारी यंत्रणा असेल तर तिचाही संबंध कुलपाच्या विजेशी जोडून घ्यावा, म्हणजे आग कळताक्षणी दार सुटेल.

इथे एक अडचण येते. वीज गेल्यावर दार सुटतं, म्हणजे रात्री बॅटरी उतरली की गोदाम उघडं पडणार. त्यासाठी रात्रीचं साधं लोखंडी कुलूप ठेवावंच. पण ते लावण्याआधी आत कोणी नाही याची खात्री करायची. आलेल्या जणींची नावं फळ्यावर लिहा आणि प्रत्येक जण जाताना आपलं नाव पुसून जाऊ दे. फळा कोरा झाल्याशिवाय, आणि आत एक फेरी मारल्याशिवाय, बाहेरून कुलूप घालायचं नाही.

दुसरा मुद्दा जागेचा. बाजारात स्वस्तात एकच डबी मिळते, तीच कार्ड वाचते आणि तीच दार उघडते. ती दाराबाहेर बसते. चोराने तिचं झाकण काढून आतल्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या की दार उघडतं. म्हणून बाहेर फक्त रीडर असावा आणि दार उघडायचा निर्णय घेणारा कंट्रोलर आत, कुलूपबंद खोक्यात, सहज हात न पोचेल अशा उंचीवर असावा. खोक्याचं झाकण कोणी उघडलं तर भोंगा वाजवणारा छोटा स्विच त्यात असतो, तो जोडून घ्या. आपल्याकडे मिरची-हळदीची धूळ उडते, पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि गोदामात उंदीर असतातच. त्यामुळे खोका धूळ आणि पाणी अडवणारा हवा, तारा पाइपातून न्याव्यात आणि पाइपांची तोंडं बुजवून घ्यावीत.

आता विजेबद्दल. कंट्रोलर आणि कुलूप बहुतेक वेळा १२ व्होल्टवर चालतात, पण त्यांना वीज पुरवणाऱ्या खोक्यात २३० व्होल्ट येतात. म्हणून काम सुरू करण्याआधी एमसीबी खाली पाडायची, त्यावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी लावायची आणि वीज खरोखर गेली का हे तपासून घ्यायचं. तेवढ्यानंही भागत नाही, कारण आत बॅटरी असते. तिची तारही सोडायची. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून कोणी बेफिकीर राहू नये. बॅटरीच्या दोन टोकांना धातूची बांगडी किंवा लोंबणारं मंगळसूत्र टेकलं तर ते क्षणात लाल तापतं आणि कातडी भाजते. बॅटरीजवळ हात घालताना बांगड्या, अंगठी, गळ्यातलं काढून ठेवावं. बॅटरीच्या तारेत फ्यूज आहे का तेही पाहावं.

या यंत्रणेला वेगळी एमसीबी द्या. दळणयंत्राच्याच लाइनवर जोडली तर यंत्र सुरू होताना व्होल्टेज पडतं. अर्थिंग नीट हवं, गळती पकडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी हवं. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा लाइनमधून जादा दाब येतो. तो जमिनीत उतरवणारं सर्ज संरक्षक बसवलं तर कार्डाचा खर्च वाचतो. २३० व्होल्टची तार आणि रीडर-स्विचच्या बारीक तारा एकाच पाइपातून नेऊ नयेत. एखादीचं आवरण उंदराने कुरतडलं तर घरगुती वीज थेट बाहेरच्या डबीत येऊ शकते, आणि त्या डबीला दिवसभर सगळ्यांचे हात लागतात.

बॅटरी किती तास टिकेल याचा हिशेब आपणही करू शकतो. समजा कुलूप अर्धा अँपिअर घेतं, कंट्रोलर आणि रीडर मिळून ०.३ अँपिअर. एकूण ०.८. बॅटरी ७ अँपिअर-तासांची असेल तर ७ भागिले ०.८, म्हणजे कागदावर पावणेनऊ तास. बॅटरी जुनी होते, भोंगाही वीज खातो, म्हणून सहा तासच धरा. तुमच्याकडे वीज त्याहून जास्त वेळ जात असेल तर मोठी बॅटरी मागा. खरे आकडे सामानासोबतच्या पुस्तिकेत असतात, ते फिटरकडून लिहून घ्या.

फिटरला विचारायच्या आणखी दोन गोष्टी आहेत. चुंबकाच्या कुलपाची वीज तोडली की त्याच्या गुंडाळीतून उलटा दाब उसळतो आणि कंट्रोलरचा आतला स्विच, म्हणजे रिले, हळूहळू जळतो. तो दाब जिरवायला कुलपाजवळ एक छोटा डायोड लावतात, त्याची पट्टीची बाजू प्लसकडे. काही कुलपांत तो आधीच असतो. ‘डायोड आहे का?’ एवढं विचारलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट भोंग्याच्या तारेची. दाराच्या स्विचची तार चोराने कापली तर भोंगा वाजतो. पण हुशार चोर तार कापत नाही, दोन तारा सोलून जोडून टाकतो. मग कंट्रोलरला वाटतं दार बंदच आहे. यावर उपाय म्हणून तारेच्या शेवटी एक रेझिस्टर लावतात. कंट्रोलर सतत तेवढाच अडथळा मोजत राहतो. तार कापली किंवा जोडली तरी मोजणी बदलते आणि भोंगा वाजतो. हा रेझिस्टर दाराकडच्या टोकाला, स्विचपाशीच हवा. घाईत तो खोक्यातच लावून टाकतात, मग मधल्या तारेची राखण होत नाही.

आता नेटवर्क. कारखान्यातून येताना अशा यंत्रांचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असलेला असतो. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असे मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यामुळे पहिल्याच दिवशी, फिटर समोर असताना, पासवर्ड बदला. फिटरने स्वतःसाठी वेगळं खातं ठेवलं असेल तर ते काढून टाकायला सांगा. केंद्राचं वायफाय मुलं, पाहुणे, व्यापारी सगळे वापरतात. कंट्रोलर त्यावर नको, त्याला राउटरमध्ये वेगळं नेटवर्क करून द्यावं. ‘बाहेरून पाहता यावं म्हणून राउटरचा पोर्ट उघडतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, कारण त्या वाटेनं कोणीही दार ठोठावू शकतं. कंपनी नवं सॉफ्टवेअर देते तेव्हा ते भरून घ्यायचं काम एकीच्या नावावर असू द्या. इंटरनेट बंद पडलं तरी कार्ड चालतं का आणि भोंगा वाजतो का, हे घेण्याआधीच विचारा. चांगल्या कंट्रोलरमध्ये कार्डांची यादी त्याच्याच आत साठवलेली असते.

मोबाईल ॲपचं खातं संघाच्या नावानं आणि संघाच्या ईमेलवर उघडा. एका ताईच्या खासगी नंबरावर सगळं ठेवलं तर कार्यकारिणी बदलताना अडचण होते. पदाधिकारी बदलले की त्याच सभेत ठराव करून पासवर्ड बदलायचा आणि जुनी कार्डं बंद करायची. हरवलेलं कार्ड त्याच दिवशी बंद करायचं. जुन्या १२५ किलोहर्ट्झच्या कार्डांची नक्कल बाजारात सहज होते, म्हणून सुरक्षित कूटभाषेचं कार्ड मागा.

अंगठ्याचं यंत्र घ्यावं का, असंही विचारतात. आपल्या बायकांचे हात भांडी, शेण, हळद, मिरची यांत झिजलेले असतात, अनेकींचा ठसा उठत नाही. मग रोज दारात उभं राहून खजील व्हायचं. शिवाय कार्ड हरवलं तर दुसरं मिळतं, ठसा चोरीला गेला तर दुसरा मिळत नाही. ठसा घ्यायचाच असेल तर तो कशासाठी, कुठे साठवणार हे सांगून प्रत्येकीची संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. आणि कोण किती वाजता आली-गेली ही नोंद मालाच्या राखणीसाठी आहे, कोणाच्या घरी सांगण्यासाठी नाही, हेही सभेत ठरवून टाका.

काम पूर्ण झालं की पैसे देण्याआधी सगळ्यांसमोर तपासणी करा. एमसीबी पाडा: बॅटरीवर दार चालतं का? हिरवी डबी दाबा: दार लगेच सुटतं का? राउटर बंद करा: कार्ड चालतं का? रीडरचं झाकण सैल करा, दार जबरदस्तीने उघडा: भोंगा वाजतो का, निरोप कोणाकोणाच्या फोनवर गेला? तारांचा नकाशा, पुस्तिका आणि खोक्याची किल्ली ताब्यात घ्या. पासवर्ड बंद पाकिटात ठेवून त्याची नोंद इतिवृत्तात करा. हीच तपासणी दर तीन महिन्यांनी करावी आणि बॅटरी फुगली किंवा गळली आहे का तेही पाहावं.

शेवटचं, रात्री भोंगा वाजला तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असू द्या. एकटीनं धावत जायचं नाही. आधी ११२ ला फोन, आग असेल तर १०१ ला, मग शेजारच्या घरांना हाक, आणि दोघी-तिघी मिळूनच निघायचं. गेलेला माल पुन्हा उभा करता येतो. तुमच्या येत्या मासिक सभेत या विषयाला पंधरा मिनिटं द्या, नव्या-जुन्या सगळ्या सदस्यांना ती हिरवी डबी एकदा स्वतःच्या हातानं दाबायला लावा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.