पिंजऱ्यातील पोपट आणि शेजाऱ्याची तक्रार

देवळाली कॅम्प म्हटले की लॅम रोडवरील सॅनेटोरियम, कोरडी हवा आणि निवांतपणा आठवतो. मुंबईची कितीतरी व्यापारी कुटुंबे हवापालटासाठी येथे येत आली आहेत. आता जुन्या बंगल्यांशेजारी सदनिका उभ्या राहिल्या, भिंतीला भिंत लागली आणि गॅलरीतील पिंजरा ही केवळ घरची बाब उरली नाही. पोपट सर्वाधिक ओरडतो तो सकाळी व सूर्यास्ताच्या सुमारास. म्हणजे नेमका सामायिक-प्रतिक्रमणाच्या वेळी.

असा वाद कोठवर जातो, हे ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात दिसले. शिवाजीनगर भागातील एका ज्येष्ठ नागरिकाने शेजारच्या पोपटाच्या सततच्या ओरडण्याबद्दल खडकी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. पोलिसांनी पोपटाच्या मालकाविरुद्ध अदखलपात्र गुन्हा नोंदवला. मात्र लावलेली कलमे शांतताभंग व धमकीची होती. पोपटाच्या आवाजापेक्षा दारातील बोलाचालीच अंगाशी आली, असे म्हणावे लागते.

आवाजाविषयीचा कायदा येथे तोकडाच पडतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. परंतु ही मर्यादा ठरावीक काळाच्या सरासरीवर मोजतात. पाच मिनिटांचा कर्कश आवाज त्या सरासरीत सहज विरून जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली सार्वजनिक उपद्रवास एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण उपद्रव आसपासच्या लोकांना सर्वसाधारणपणे व्हावा लागतो, एका शेजाऱ्याला होऊन भागत नाही. त्याला दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो आणि तो किती लांबचा, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. त्यापेक्षा पिंजरा सामाईक भिंतीपासून हलवावा, सायंकाळी आतल्या खोलीत घेऊन जाड कापडाने झाकावा, सकाळी उशिरा उघडावा. शेजाऱ्यानेही राग शांत झाल्यावर, दुपारी येऊन बोलावे.

तक्रार झालीच, तर मालकाला खरी अडचण वेगळ्याच प्रश्नाने येते: पक्षी कोणता? गळ्याभोवती गुलाबी पट्टा असलेला आपला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असून तो पाळल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘पंधरा वर्षे घरी आहे’ हा बचाव नव्हे. बजरीगर, कॉकाटील हे परदेशी पक्षी पाळता येतात. मकाव किंवा आफ्रिकन ग्रे असल्यास २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. खरेदीचे बिल हुंडीइतके जपावे.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ आहे, हे श्रावकांना ठाऊकच आहे. म्हणून काही जण पर्युषणात बाजारातून पक्षी विकत घेऊन सोडतात. हेतू शुद्ध, परंतु त्या पैशाने पारधी पुढच्या खेपेस अधिक पक्षी धरतो. घरच्या पोपटाचेही तसेच. पंख कातरलेला, हाताने भरवलेला पक्षी खिडकीतून सोडला, तर तो मांजराच्या तोंडी जातो. त्याला नाशिकच्या वन विभागाकडे सोपवावे. उडण्याची व अन्न शोधण्याची सवय पुन्हा लागल्यावरच त्याला मोकळे सोडता येते.