चौकट : ना इकडचा, ना तिकडचा?

१९२८ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांनी दोन संस्कृतींमध्ये वावरणाऱ्याला ‘काठावरचा माणूस’ ठरवले. पुढे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी चार वाटा मांडल्या : दोन्ही राखणे, नव्यात विरघळणे, जुन्यातच राहणे, दोन्हींपासून तुटणे. २०१३ मध्ये छापून आलेल्या, ८३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात पहिल्या वाटेचा चांगल्या समायोजनाशी संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हा आक्षेप रास्तच. शिवाय वंशभेद सोसणाऱ्याला वाट निवडायची मोकळीक असतेच कुठे? म्हणून जाणता समुपदेशक ‘तू नक्की कुठला?’ असे विचारत नाही. समजा, न्यू जर्सीतला मुलगा घरी ‘अनिरुद्ध’ आणि शाळेत ‘अ‍ॅनी’ आहे. तर समुपदेशक त्याला विचारतो, कोणती हाक कुठे खुपते?