लॉख लोमंडची बेटे

ग्लासगो



स्कॉटलंडचे मुलूख दोन, उत्तरेचा डोंगरी हायलँड आणि दक्षिणेचा सखल, शेतीचा लोलँड. भाषा, वेश आणि कुळाचार या तिन्हींत शतकानुशतके त्यांनी आपले वेगळेपण जपले, आणि त्यांची सरहद्द कोठे पडते हे ज्यास एका दृष्टिक्षेपात पाहावयाचे असेल, त्याने बाल्माहा गावामागील कॉनिक टेकडी चढून लॉख लोमंड सरोवराकडे दृष्टी टाकावी. टेकडीचा कणा थेट पाण्यात उतरतो, आणि इंचकॅलख, टॉरिन्च, क्रीन्च व इंचमरिन ही बेटे त्याच रेषेत नैर्ऋत्येस उभी दिसतात. ही रेषा म्हणजे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा प्रस्तरभंग होय. तिच्या एका अंगास कठीण शिस्ट, दुसऱ्या अंगास मऊ तांबडा वालुकाश्म, आणि ऐन हद्दीवर गोलगोट्यांचा चिवट पिंडाश्म, जो बर्फासही पुरता झिजविता आला नाही.

सरोवराचे सारे स्वरूप या एका गोष्टीतून उलगडते. उत्तरेस खडकांच्या भिंतींत कोंडलेली हिमनदी खालीच खोदीत गेली, म्हणून तेथे पात्र अरुंद आणि सुमारे १९० मीटर खोल. हद्द ओलांडताच ती ऐसपैस पसरली, म्हणून दक्षिणेस पाणी रुंद व उथळ, आणि तिसाहून अधिक बेटांपैकी बहुतेक येथेच.

रत्नागिरीच्या वाचकांस विशेष वाटावे ते पुढेच आहे. सरोवराची पातळी समुद्रापेक्षा जेमतेम ८ मीटर उंच. बर्फ वितळल्यानंतर काही सहस्र वर्षांनी समुद्र क्लाइड नदीच्या बाजूने आत शिरला आणि हे सरोवर जयगडच्या खाडीप्रमाणे खाऱ्या पाण्याचे झाले. आपल्या खाड्या नद्यांनी कोरल्या आणि समुद्राने बुडविल्या. येथे मात्र हिमाच्या ओझ्यातून सुटलेली भूमीच हळूहळू वर आली, समुद्र मागे हटला, आणि आता लेव्हन नदी गोडे पाणी क्लाइडला पोहोचविते.

या बेटांपैकी इंचकॅलखवर आठव्या शतकातील संत केंटिगर्ना हिची स्मृती आहे. सतराव्या शतकापर्यंत परगण्यातील लोक होड्यांतून या बेटावरील चर्चमध्ये उपासनेस येत. पुढे येथील ओकची साल कातडी कमावण्यासाठी काढली जाई. मॅकग्रेगर कुळातील पुरुषांच्या कबरी असलेल्या बेटावरील दफनभूमीत १९४७ पर्यंत दफने होत होती. २००२ पासून सरोवर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आले आहे.