बाई अशी का वागते? मोजून पाहू, मग बोलू

डोणगाव आणि आजूबाजूच्या गावांत आम्ही बचत गटांच्या समन्वयाचं काम करतो. या कामात एक प्रश्न सारखा कानावर येतो, "बाया अशा का वागतात?" सभेला का येत नाहीत? हप्ता का चुकवतात? लेकराला लस द्यायला का नेत नाहीत? उत्तरही तयारच असतं. "तिला गरजच नाही." "ती आहेच निष्काळजी." एकदा असा शिक्का बसला, की कर्जाच्या वेळी तिचं नाव मागे पडतं. म्हणून आज पाहू, कोणी तसं का वागतं हे शास्त्रज्ञ कसं शोधतात, आणि तीच रीत आपल्या गटात कशी वापरता येईल.

सुरुवात पाखरापासून करू. तारेवर बसणारा, हिरवा, लांब चोचीचा वेडा राघू तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. मातीच्या दरडीत बीळ करून तो घरटं करतो. माणूस जवळ असला, की बिळात जायचं टाळतो. का बरं? माणसाला भितो म्हणून, की माणसाला घरटं दिसेल म्हणून? नुसतं पाहून हे सांगता येत नाही. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला. माणूस कधी अशा जागी उभा केला, जिथून घरटं दिसतं, आणि कधी अशा जागी, जिथून ते दिसत नाही. मग राघू किती वेळा आत जातो ते मोजलं. घरटं दिसत असेल, तेव्हा तो कमी वेळा आत गेला. म्हणजे समोरच्याला काय दिसतं, याचा हिशेब हे पाखरू ठेवतं. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. नावाला वेडा, पण कारण शोधल्यावर शहाणा निघाला.

रीत लक्षात आली का? एकच गोष्ट बदलायची, बाकी होईल तितकं सारखं ठेवायचं, आणि मोजायचं.

आता माणसांकडे येऊ. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात लहान मुलांचं लसीकरण फार कमी होत होतं. आईबापांचा लशीवर विश्वास नाही म्हणून, की केंद्र लांब आहे, कधी बंद असतं म्हणून? सेवा मंदिर ही संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ यांनी १३४ गावांत प्रयोग केला. अभिजित बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई निर्मला माहेरच्या पाटणकर, म्हणजे मराठीच. दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत त्यांना २०१९ साली नोबेल मिळालं, ते अशाच प्रयोगांच्या रीतीसाठी.

गावांचे तीन भाग केले. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी, न चुकता लसीकरणाचं शिबिर. काही गावांत तेच शिबिर, शिवाय प्रत्येक लशीला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच. उरलेल्या गावांत सरकारी लसीकरण नेहमीसारखं चालू. कोणतं गाव कुठे, हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर ठरवलं. शेवटी मुलं मोजली. नेहमीच्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं शंभरात ६, शिबिराच्या गावांत १८, आणि शिबिर अधिक डाळीच्या गावांत ३९.

या तीन आकड्यांत बरंच काही आहे. सहाचे अठरा झाले, म्हणजे बऱ्याच आयांची अडचण सोयीची होती. अठराचे एकोणचाळीस झाले, म्हणजे बाकीच्यांचाही लशीला पक्का विरोध नव्हता. मजुरी सोडून पुन्हा पुन्हा जायचं, आणि फायदा आज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून "पुढच्या महिन्यात नेऊ" होत होतं. गंमत म्हणजे डाळ देऊनही एका मुलामागचा खर्च कमी झाला. नर्सताई तशीही शिबिरात बसणारच होती, डाळीमुळे तिच्याकडे जास्त मुलं आली.

दुसरा प्रयोग थेट आपल्या कामाचा. हैदराबादमधल्या १०४ वस्त्यांच्या, एकमेकींसारख्या दोन-दोन अशा जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतली एक वस्ती चिठ्ठीने निवडून तिथे महिलांना गटाने कर्ज देणारी संस्था आधी सुरू केली. सव्वा-दीड वर्षाने दोन्हीकडची घरं तपासली. आधीपासून धंदा असलेल्यांनी त्यात जास्त पैसा घातला. पण सर्वसाधारण घराचा महिन्याचा खर्च वाढला नाही, आणि घरात बाईच्या शब्दाला वजन आलं, असंही आकड्यांत दिसलं नाही. हे ऐकायला कडू आहे. आपल्या गटात बचत, बैठक, प्रशिक्षण असतं, म्हणून ते उत्तर जसंच्या तसं आपल्याला लागू करता येणार नाही. पण शिकायचं हे, की कर्जवाटपाचा आकडा वाढला म्हणजे बाईचं भलं झालं, असं न मोजता म्हणू नये. आणि नुसती सरासरी पाहू नये, कोणाला फायदा झाला, कोणाला नाही, तेही पाहावं.

आता हे आपल्या ग्रामसंघात कसं करायचं? समजा बारा गट आहेत आणि दुपारच्या सभेला हजेरी कमी असते. काहींना वाटतं वेळ चुकीची आहे, काही म्हणतात बायांना गोडी नाही. बारा चिठ्ठ्या करा आणि सहा काढा. या सहा गटांनी सभा संध्याकाळी घ्यायची, बाकी सहांनी दुपारीच. तीन महिने हजेरी लिहा. चिठ्ठी कशाला, असं विचाराल. आपण निवडले तर हौशी गटच निवडू, आणि मग हजेरी वेळेने वाढली की हौसेने, हे कळणार नाही. दोन्हीकडे एकाच महिन्यांत मोजायचं, नाहीतर सोयाबीनच्या सोंगणीतली हजेरी उन्हाळ्यातल्या हजेरीशी तोलली जाईल.

काही पथ्यं पाळा. काय मोजायचं ते आधी ठरवा. एका वेळी एकच बदल करा. वेळही बदलली आणि दंडही लावला, तर कशामुळे काय झालं ते सांगता येणार नाही. एखाद-दुसरी बाई जास्त आली तर तो योगायोग असू शकतो. फरक सहाही गटांत, महिन्यामागून महिना दिसतो का ते पाहा. सगळ्यांना विचारून, सांगून करा. आणि ज्याचा उपयोग नक्की माहीत आहे, लस असो की औषध, ते प्रयोगासाठी कोणाचं अडवू नका.

संध्याकाळच्या सभेला बाया आल्या, तर इतके दिवस "गोडी नाही" म्हणून ज्यांना बोल लावला त्यांचा दोष नव्हता, हे रजिस्टरच सांगेल. नाही आल्या, तर दुसरं कारण शोधायचं. मुलं सांभाळायला कोणी नसेल, अंतर असेल, घरचा नकार असेल. शिक्का मारायची घाई मात्र करायची नाही.

येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत असा एखादा प्रश्न निवडा. तीन महिन्यांनी तुमच्या हजेरीचे आकडे आम्हाला कळवा, इथेच त्यावर बोलू.