पाठीवरचे बिऱ्हाड, परका मुलूख

ठरलेल्या कार्यक्रमाची सहल न घेता, सॅकमध्ये मावेल तेवढेच सामान घेऊन, स्वस्त मुक्काम आणि साध्या बस-रेल्वेच्या आधाराने परदेश पाहणे म्हणजे बॅकपॅकिंग. नवरा-बायको असे निघतात तेव्हा पाठीवर खऱ्या अर्थाने बिऱ्हाडच असते: औषधे, कागद, पैसे, खाऊ आणि दोन माणसांच्या सवयी. घरात ही कामे वाटलेली असतात. बँक आणि कागदपत्रे एकाकडे, डबे आणि औषधे दुसऱ्याकडे. परक्या मुलखात बहुतेक फजित्या याच वाटणीतून उद्भवतात, कारण ज्याच्याकडे जे असते ते हरवले की दोघांचेही हरवते.

या प्रकारातले जगातले सर्वांत गाजलेले जोडपे टोनी आणि मॉरीन व्हीलर. 1972 मध्ये ते एका जुन्या मोटारीतून लंडनहून निघाले, अफगाणिस्तानात ती मोटार विकली आणि मिळेल त्या वाहनाने आशिया ओलांडून वर्षअखेरीस सिडनीला पोहोचले. तेव्हा दोघांकडे मिळून 27 सेंट उरले होते. लोक प्रवासाची माहिती विचारू लागले म्हणून 1973 मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका स्वतःच छापली, आणि तिच्यातून ‘लोन्ली प्लॅनेट’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली, काठमांडू ही त्या पिढीची वाट 1979 मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांचा प्रवेश यांमुळे बंद झाली.

त्याच काळात भारतीय जोडप्याला असे निघणे जवळपास अशक्य होते. 1957 च्या परकीय चलन टंचाईनंतर बाहेर नेता येणाऱ्या रकमेवर कडक बंधने आली. साठीच्या दशकात तीन पौंड आणि पुढे आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्यांच्या आठवणी आजही अनेक घरांत सांगितल्या जातात. परदेशी जायला शिष्यवृत्ती, नोकरी किंवा प्रशिक्षण असे काही निमित्त लागे. पु. ल. देशपांडे 1958 मध्ये बीबीसीत दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेले ते असेच. सुनीताबाई बरोबर होत्या. त्या मुक्कामातून आणि युरोपातल्या भटकंतीतून ‘अपूर्वाई’ लिहिले गेले, नंतरच्या पूर्वेकडच्या प्रवासातून ‘पूर्वरंग’. ते बॅकपॅकिंग नव्हते. तरीही मध्यमवर्गीय मराठी जोडपे परक्या शहरात पत्ता शोधताना आणि अन्नाशी जुळवून घेताना कसे असते, हे अनेक मराठी घरांना या पुस्तकांनीच दाखवले.

चलनाची गाठ सुटायला फार वर्षे लागली. रिझर्व्ह बँकेने 2004 मध्ये व्यक्तीला परदेशी पैसे पाठवण्याची उदार योजना आणली तेव्हा मर्यादा 25 हजार डॉलर होती. 2015 पासून ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे. नवरा आणि बायको यांची मर्यादा वेगवेगळी मोजली जाते. आज अडचण परवानगीची नसून बचतीची आहे, आणि ती बेताच्या उत्पन्नातही साधता येते हे कोचीच्या के. आर. विजयन आणि मोहना यांनी दाखवले. चहाच्या छोट्या दुकानाच्या कमाईतून रोज पैसे बाजूला टाकत, कमी पडले तर कर्ज काढून आणि परतल्यावर फेडून, या दांपत्याने 26 देश पाहिले. त्यांचा प्रवास बहुतेक सहल कंपन्यांबरोबरचा होता, पण जिद्द बॅकपॅकरचीच होती. 2021 च्या नोव्हेंबरात विजयन यांचे निधन झाले. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच दोघे रशिया पाहून आले होते.

अडचणी मात्र घरापासूनच सुरू होतात. उदाहरणार्थ, श्रीरामपूरहून निघणाऱ्या जोडप्याच्या वाटेतला पहिला घोटाळा गावातच होऊ शकतो. दौंड-मनमाड मार्गावरच्या इथल्या रेल्वे स्थानकाचे नाव बेलापूर आहे, आणि नवी मुंबईतही एक बेलापूर आहे. बाहेरगावच्या मित्राने काढून दिलेल्या तिकिटात हा गोंधळ शिरतो. काकडी गावातला शिर्डी विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 पासून जवळ आला, तरी तो देशांतर्गत प्रवासाच्या कामाचा. परदेशी विमानासाठी सहसा मुंबईच गाठावी लागते. नवख्या जोडप्याला सोपा परदेश म्हणजे नेपाळ. मनमाडहून रेल्वेने गोरखपूर, तिथून रस्त्याने सुनौलीची सीमा. भारतीयांना पासपोर्टची सक्ती नाही, मतदार ओळखपत्र चालते. फसगत व्हायची ती नोटांनी: 2018 च्या डिसेंबरात नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटांचा वापर बंद केला, आणि पाचशेच्या नोटांचे पुडके घेऊन पोहोचलेल्यांना चहाचे पैसे देणेही अवघड झाले. निघताना त्या दिवशीचा नियम पाहून घेणे आणि शंभराच्या नोटा दोघांच्या खिशांत वाटून ठेवणे हे त्यावर साधे उत्तर.

पासपोर्टच्या देशांत मराठी नावाची घडण आडवी येते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. पासपोर्टवर पहिली दोन नावे बहुधा एकत्र छापली जातात. तिकिटावर मधले नाव गळते, तर कधी आडनाव पहिल्या रकान्यात जाते. बायकोच्या बाबतीत गुंता दुप्पट होतो. पदवी प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. लग्नानंतरही माहेरच्या नावाचा पासपोर्ट पूर्णपणे वैध असतो. तिकीट, व्हिसा आणि विमा पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणे जुळले म्हणजे झाले. त्याबरोबर मुदतही पाहावी, कारण प्रवेशाच्या दिवसापासून पासपोर्ट आणखी सहा महिने वैध असावा अशी अट अनेक देशांची असते.

व्हिसाचा अर्ज दोघांचा वेगळा आणि निकालही वेगळा. एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाकारला, असे घडू शकते. युरोपातल्या शेंगेन गटासाठी किमान 30 हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. तिथे बॅकपॅकरला अडवणारी ओळ वेगळीच आहे: प्रवेश किती वेळा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेले जोडपे स्वस्त बस दिसली म्हणून गटाबाहेरच्या सर्बियात गेले, की दिवस शिल्लक असूनही परत आत येऊ शकत नाही. त्यामानाने आग्नेय आशिया मोकळा. 2023 च्या अखेरीस थायलंड आणि मलेशियाने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि कमी पैशांत निघणाऱ्या जोडप्यांचा ओढा तिकडे वाढला.

आता सामान. दहा-बारा किलोंपलीकडची सॅक तिसऱ्या दिवशी खांदे आणि स्वभाव दोन्ही बिघडवते, तरी मराठी सॅकमध्ये मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि दिवाळीच्या सुमाराला फराळ असतोच. त्यात दोष काही नाही; महागड्या शहरात रात्री दहाला गरम पाण्यात कालवलेले पीठ मोठा आधार देते. काळजी घ्यायची ती खसखशीची. अनारशांवर लावलेली, मसाल्यात भाजून घातलेली ही खसखस संयुक्त अरब अमिरातीत अफूशी संबंधित म्हणून बंदी असलेला पदार्थ आहे, आणि ती सापडल्यास अटकेपर्यंत वेळ येऊ शकते. सिंगापूरमध्ये चघळायची तंबाखू नेता येत नाही, मग ती खिशातली छोटी पुडी का असेना. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधे नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात खाण्याचा प्रत्येक जिन्नस जाहीर करावा लागतो. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड होतो. डबे घरी बायकोने भरले आणि अर्ज नवऱ्याने भरला तर अर्जात काय लिहायचे हेच त्याला ठाऊक नसते. दोन्ही सॅक दोघांनी मिळून भरल्या पाहिजेत.

सर्वांत गंभीर अपघात उंचीवर होतात. गोदावरी-प्रवरेच्या सपाट मुलखातली माणसे समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर राहतात. नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिक्रमेतली थोरोंग ला ही खिंड 5,416 मीटरवर आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज सुमारे 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि अधूनमधून विश्रांतीचा दिवस घ्यावा, असा वैद्यकीय नियम आहे. डोकेदुखी आणि मळमळ ही पहिली खूण. चालताना तोल जाणे किंवा बसल्याजागी धाप लागणे ही जिवावरची खूण, आणि तिच्यावर खरा उपाय लगेच खाली उतरणे हाच. जोडप्यात एकाला त्रास होतो आणि दुसरा ठणठणीत असतो. ‘तू थांब, मी खिंड पाहून येतो’ हे वाक्य तिथे उच्चारू नये. आजारी माणसाला आपली अवस्था नीट कळत नाही, म्हणून उतरायचा निर्णय जोडीदारानेच घ्यायचा असतो आणि उतरायचेही दोघांनी मिळून. हवामानही असेच निर्दय. ऑक्टोबर हा तिथला उत्तम हंगाम, पण 2014 च्या ऑक्टोबरात हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांनी याच खिंडीच्या परिसरात हिमवादळ आणले आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. मृतांत भारतीयही होते.

त्यामानाने स्कूटरची दुर्घटना क्षुल्लक वाटते, पण होते फार वेळा. थायलंड आणि बालीत स्कूटर सहज भाड्याने मिळते. एमएच-17 चा क्रमांक देणाऱ्या श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयासारख्या ठिकाणी आंतरराष्ट्रीय चालक परवाना मिळतो. तो एक वर्ष चालतो. मूळ परवान्यावर दुचाकीची नोंद नसेल तर तो स्कूटरच्या कामाचा नाही, आणि परवाना योग्य नसेल तर अपघाताचा दवाखान्याचा खर्च विमा कंपनी नाकारू शकते. मागे बसणारीनेही हेल्मेट घालावे. भाड्याच्या हमीसाठी पासपोर्ट ठेवून घेतात, तिथून स्कूटर घेऊच नये.

पासपोर्ट हरवला तर क्रम ठरलेला आहे. आधी स्थानिक पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत, मग जवळच्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात अर्ज. घाई असेल तर आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते, पण ते फक्त भारतात परतण्यासाठी असते. त्यावर पुढचा देश पाहता येत नाही. हरवलेल्या पासपोर्टवरचे व्हिसा त्याच्याबरोबरच जातात. म्हणून दोन्ही पासपोर्ट एका पिशवीत नसावेत. प्रत्येकाच्या सॅकमध्ये जोडीदाराच्या पासपोर्टची छायाप्रत, दोन फोटो, एक वेगळे कार्ड आणि थोडे डॉलर असावेत. रात्रीच्या गाडीत चढताना एक जण फलाटावर राहिला तर दोघांनी कुठे भेटायचे हेही आधी ठरलेले असावे: पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबायचे, आणि मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने तिथे यायचे. मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत लिहिलेली चिठ्ठी दोघांच्याही खिशात असली, की फोन बंद पडला तरी रिक्षावाला रात्री दाराशी आणून सोडतो.